गेरूच्या खाली दुसरा मजला

सहावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी ज्वालामुखी केला होता. वर्तमानपत्रांचा लगदा, मधोमध खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि वरून गेरूचे दोन हात. बाटलीत खायचा सोडा आणि चिमूटभर कुंकू. व्हिनेगर घरात नव्हतं, आणि असल्या उद्योगासाठी ते विकत आणायची आईची तयारी नव्हती, म्हणून लिंबं पिळली. परीक्षक टेबलापाशी आले तेव्हा उत्साहाच्या भरात मी अख्खी वाटी एकदम ओतली. लाल फेस उसळला तो थेट शेजारच्या मुलीच्या ठिबक सिंचनावर. ती रडायला लागली.

परीक्षकांनी रुमालानं मनगट पुसत विचारलं, "आपल्या कोल्हापुरात आहे का गं कुठं ज्वालामुखी?"

"जोतिबाचा डोंगर," मी ठोकून दिलं.

मला तरी ते उघड वाटत होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून वायव्येला जोतिबा दिसायचा, खाली रुंद आणि वर निमुळता, अगदी भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रासारखा. फक्त धूर नव्हता, आणि पावसाळ्यात ढग टेकले की तोही असायचा. परीक्षक हसले आणि उत्तेजनार्थ बक्षिसाला माझं नाव लिहून गेले. उत्तर चूक होतं. पण ते नेमकं कुठल्या बाजूनं चूक होतं, हे उमगायला पुढं बरीच वर्षं गेली. त्यातलं निम्मं मला मामाच्या गुऱ्हाळानं शिकवलं, उरलेलं त्याच्याच विहिरीनं. पुस्तकं नंतर आली.

त्या चित्रातली पहिली गफलत डोंगराच्या खाली असते. शिखराखाली एक नळी, नळीखाली लाल समुद्र. बघणाऱ्याला वाटतं, पृथ्वीच्या पोटात सगळीकडं रस उकळतोय आणि कवचाला भोक पडलं की तो बाहेर येतो. तसं नाही. आपल्या पायाखालच्या कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, ते जवळजवळ तीन हजार किलोमीटर खोलवर घट्ट खडकाचंच आहे. तापलेलं, पण घट्ट. रस्त्याकडेला डांबराचं पिंप कलंडून पडलेलं असतं ना, त्यातलं डांबर हातोडीनं फोडलं तर काचेसारखं तुटतं, आणि उन्हाळाभर तसंच पडू दिलं तर हळूच पसरत जातं. प्रावरणाचं वागणं काहीसं तसं आहे, फक्त उन्हाळ्याच्या जागी लाखो वर्षं घ्यायची.

मग घट्ट खडकाचा रस होतो कसा? इथं मला आईचा कुकर आठवतो. शिट्टी बसलेल्या कुकरात पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उसळत नाही, कारण वरून दाब असतो. घाईघाईनं शिट्टी उचलली की उष्णता तेवढीच, पण दाब गेला, आणि आतलं पाणी एकदम खवळतं. खोलवरचा तापलेला खडक घट्ट राहतो तो अशाच दाबाखाली. तो सावकाश वर सरकला, शेकडो किलोमीटर चढला, की वरचं ओझं हलकं होतं आणि त्याचा थोडासा भाग पाझरू लागतो. कुणी जाळ वाढवलेला नसतो, शिट्टी उचललेली असते. दुसरी तऱ्हा पाण्याची. समुद्राचा तळ जिथं दुसऱ्या तळाखाली किंवा खंडाखाली घुसतो, तिथं खडकातलं पाणीही खाली जातं आणि वरच्या तापल्या खडकाचा वितळबिंदू उतरवतं. आईस्क्रीमच्या पॉटात बर्फावर खडेमीठ टाकल्यावर बर्फाचं जे होतं, तेच. जपान, इंडोनेशिया आणि आपल्या अंदमानातलं बॅरन बेट, ही सगळी या दुसऱ्या घराण्यातली मंडळी.

वितळलेला रस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर येतो. पण फुटतो का? त्यासाठी गुऱ्हाळावर जावं लागेल.

मामाचं गाव कासारीच्या अंगाला. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं की आमचा मुक्काम तिकडंच. चुलवाणात चिपाडं कोंबणारा जाळव्या घामानं निथळत असायचा आणि गुळव्या मात्र पागोटं सावरत काहिलीभोवती जावयासारखा फिरायचा. रस पातळ असताना तो कितीही उकळू दे, बुडबुडे बारीक, येतात आणि फुटतात, तक्रार नाही. मळी निघते, रस आटत जातो, काकवीचा रंग चढतो, आणि मग काहिलीचा आवाज बदलतो. बुडबुडा आता सहज सुटत नाही. तो तळातून येतो, चिकट रसात अडकतो, लिंबाएवढा फुगतो आणि फट्‌दिशी फुटून चारी बाजूंना शिंतोडे उडवतो. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. मी नको तेवढी वाकले होते. मामी ओरडली, गुळव्या म्हणाला, "रस घट झाला की लांब ऱ्हायचं, पोरी. पातळ असंपातूर कायबी करत न्हाई त्यो."

जगातल्या ज्वालामुखींचे दोन मोठे स्वभाव त्या एका वाक्यात बसतात. लाव्ह्यात वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की गॅस जसा सुटतो, तसे रस वर येऊन दाब कमी झाला की तेही सुटू पाहतात. रस पातळ असेल तर ते मुकाट निघून जातात आणि लाव्हा नुसता वाहतो. रस चिकट असेल तर अडकतात, फुगतात, आणि मग अख्खा डोंगर उडवतात. चिकटपणा ठरतो मुख्यतः सिलिकावर, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्यावर. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, लाव्ह्यात ते निम्म्याच्या आसपास असतं आणि तापमान अकराशे-बाराशे अंश, म्हणून तो वाहता. सत्तर टक्क्यांच्या पुढं सिलिका गेलं, तापमानही सात-आठशेवर उतरलं, की तो लाव्हा नळीतच बुचासारखा बसतो. इंडोनेशियातला १८८३ चा क्राकाटोआ किंवा फिलिपिन्समधला १९९१ चा पिनाटुबो हे घट्ट रसाचे प्रताप. पिनाटुबोनं आकाशात इतकं गंधक फेकलं की पुढचं वर्ष-दीड वर्ष साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं खाली राहिलं.

आमचा मात्र पातळ रसाचा. आमचा म्हणजे कोल्हापूरचा.

ते कळलं विहिरीत. दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मामानं विहीर काढायला घेतली. यारी लागली, सुरुंगाचे बार उडू लागले, आणि मला बांधावर बसून बघायची परवानगी होती, एवढ्याच अटीवर की शिट्टी वाजली की गोठ्यापर्यंत पळायचं. कामाचा मुकादम वडार समाजातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो दगडाला नावं ठेवायचा नाही, नावं घ्यायचा. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम. मुरमात कांद्यासारखे पदर सुटणारे गोल गोल धोंडे. मग काळा पाषाण. या पाषाणानं पंधरा दिवस खाल्ले, छिन्न्या बोथट केल्या आणि मामाचं तोंड उतरवलं, कारण पैसे परसावर, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापावर, ठरले होते आणि काम पुढं सरकत नव्हतं.

चौथ्या परसाला एके दिवशी टोपलीतून लाल माती वर आली. वीटभट्टीवरच्यासारखी भाजकी, हाताला मऊ, नखानं उकरावी अशी. माझ्या प्रदर्शनातल्या डोंगराचाच रंग.

"गेरू लागला," मुकादम म्हणाला. चार परसात पहिल्यांदाच तो हसला. "आता पाणी."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्या तांबड्या पट्ट्याच्या वरच्या कडेनं विहिरीच्या अर्ध्या घेरात ओल फुटली होती. पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरत आलं होतं आणि गेरूच्या चिकणमातीवर अडलं होतं. गेरू जेमतेम दीड वीत जाड. त्याच्याखाली निघाला तो दगड पाषाणासारखा नव्हताच. राखाडी, ठिसूळ, भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढऱ्या, हिरवट गारा बसलेल्या. याला मांजऱ्या म्हणतात. मी विचारलं, वरचा दगड एवढा कठीण आणि खालचा असा फोपसा कसा? खाली जाईल तसा दगड घट्ट व्हायला पाहिजे ना?

मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "गेरूच्या खाली दुसरा मजला सुरू हुतोय. ह्यो त्याचा माळा."

पुढं कॉलेजात भूशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं आणि त्यात लाव्ह्याच्या थराचा उभा छेद बघितला, तेव्हा त्या पानावर मला मुकादमच दिसला. लाव्हा पसरतो तेव्हा आतले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि थराच्या माथ्याशी अडकून गोठतात. म्हणून माथा भोकाभोकांचा, मधला गाभा घट्ट. भोकांत पुढं पाण्याबरोबर आलेली खनिजं साठतात, तीच ती गारांची रांगोळी. मग उद्रेक थांबतो. कधी हजारो वर्षं. थराचा माथा ऊनपावसात कुजतो, त्यातलं लोखंड गंजतं, तांबडी माती होते. त्या मातीवर पुन्हा लाव्हा येतो आणि तिला भाजून काढतो. मामाच्या विहिरीतला दीड वितीचा गेरू म्हणजे दोन उद्रेकांमधला तो सगळा निवांत काळ. घाटात रस्त्याकडेच्या कापात काळ्या खडकात ही तांबडी रेघ सरळ आडवी गेलेली दिसते. एसटीच्या खिडकीतून मी ती अजून मोजते. शेजारच्याला वाटतं बोगदे मोजतेय.

तर अशा मजल्यांची ही इमारत, म्हणजे दख्खनचा सगळा काळा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बांधली गेली, बहुतेक सगळी दहा लाख वर्षांच्या आत. आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात, घाटमाथ्याच्या काही भागांत जाडी दोन किलोमीटरहून जास्त. आपण त्याच्या दक्षिण टोकाशी, त्यामुळं आपल्याकडं तो थर पातळ होत जातो. आणि हे सगळं एखाद्या शिखरातून नाही आलं, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस वाहिला. असलं काही माणसानं पाहिलंय ते छोट्या मापातच. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी इथं २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा ओकली. त्यानंतरच्या दुष्काळात तिथली पंचमांश माणसं गेली. आपल्याकडच्या एकेका मोठ्या थरापुढं लाकी म्हणजे काहिलीपुढं चहाचं भांडं. त्यातले काही प्रवाह पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले असावेत, असं मानतात.

एवढ्या लांब जाताना तो वाटेत थिजला कसा नाही? हे वाचताना मी चुलीपुढच्या आजीकडं गेले. लाव्ह्याच्या वर आधी पापुद्रा धरतो. पापुद्रा उष्णता आत कोंडतो, मागून आलेला रस त्याच्याखाली शिरतो आणि पापुद्रा उचलला जातो. तव्यावरून निखाऱ्यापुढं उभी केलेली भाकरी टम्म फुगते, तसा. फक्त या भाकरीच्या पोटात वाफेऐवजी रस, आणि ती फुगत फुगत कोस कोस पुढं सरकते.

आता जोतिबाचं सांगायला हवं.

पन्हाळ्यावर पुसाटी बुरुजाशी पाऊस उघडल्यावर उभं राहिलं की पश्चिमेकडच्या डोंगरांचे माथे बघावेत. मसाई पठार तर टेबलासारखं सपाट, आणि बाकीचेही जणू कुणीतरी एकाच पातळीवर दोरी धरून कापल्यासारखे. उतारांवर पायऱ्या पडलेल्या. कठीण गाभ्याचा कडा, मऊ माथ्याचा टप्पा, पुन्हा कडा. या पायऱ्यांवरूनच परदेशी लोकांनी या खडकाला ट्रॅप म्हटलं, स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून. माझी सहावीतली चूक इथं सुटली. मला वाटायचं, डोंगर जमिनीतून वर आला. प्रत्यक्षात जमीनच कधीकाळी त्या माथ्यांच्याही वर होती, अखंड, काळी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि त्यांचे ओढेनाले तिला कोट्यवधी वर्षं कापत राहिले. पन्हाळा, जोतिबा हे उभे राहिलेले नाहीत, ते उरलेत. मी गच्चीवरून ज्याला ज्वालामुखी समजत होते, ती वहाळांनी खाऊन शिल्लक ठेवलेली फोड होती, आणि खरा ज्वालामुखी गच्चीच्या पायाखाली, तालमीखाली, रंकाळ्याखाली, सगळीकडं होता. रंकाळा ही मूळची दगडाची खाण, देवळांसाठी दगड काढून तळं झालं, असं आपल्याकडं सांगतात.

आणि एक गंमत. शास्त्रज्ञांनी रसायनावरून या लाव्ह्याचे गट पाडले आणि त्यांना गावांची नावं दिली. खालून जव्हार, इगतपुरी असं करत करत महाबळेश्वर, आणि त्याच्याही वर, शेवटच्या काही मजल्यांपैकी एकाला नाव आहे पन्हाळा. किल्ल्याचा अभिमान आपल्याला आहेच, त्यात हीही भर घालायला हरकत नाही. माथ्यावरचा जांभा त्यानंतरचा, हाच काळा दगड पावसानं धुऊन धुऊन उरलेला. राधानगरी-शाहूवाडीकडचं बॉक्साइट त्याचंच भावंड. कासारीकाठच्या बांदिवड्याला तर लाव्हा थंड होताना आक्रसून त्याचे कोनदार खांब झालेत. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला तडे जातात तसेच, पण खोलवर गेलेले.

"पुन्हा होईल का गं असं?" हे आजीनं विचारलं होतं. तिच्या मनात कोयनेचा भूकंप घर करून बसला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या जुन्या घराची कौलं खडखडली, सगळी पेठ रस्त्यावर आली, आणि कुणीतरी म्हणालं, कोयनेत ज्वालामुखी जागा होतोय. शेकोटीभोवती ती बातमी चार दिवस टिकली. तो ज्वालामुखी नव्हता, धरणाच्या पाण्याच्या भारानं चाळवलेला भेगेचा धक्का होता. पुढं त्याच भागात खोल छिद्रं पाडली तेव्हा त्यातल्या एकात साधारण नऊशे-साडेनऊशे मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली लागला जुना ग्रॅनाइट. सगळे मजले उतरल्यावरची जोत्याची जमीन. रस नाही.

कारण चूल तिथं राहिलीच नाही. म्हणजे चूल जागेवरच आहे, काहील सरकली. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास उत्तरेला निघाला होता. मुलीची वेणी वर्षात वाढते, साधारण तेवढं. ज्या तापल्या जागेवरून तो गेला, ती बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ बहुतेक दरवर्षी वाहतो. पातळ रस, तोच काळा बेसाल्ट. डायनासोर नेमके आपल्या लाव्ह्यानं मारले की मेक्सिकोत पडलेल्या उल्केनं, यावर भांडण अजून मिटलेलं नाही. जास्त लोक उल्केच्या बाजूनं आहेत. मला यात पडायचं नाही. कोल्हापूरकरांनी आधीच बरीच भांडणं अंगावर घेतलीत.

२०२५ च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि त्याची राख समुद्र ओलांडून दिल्लीच्या आकाशापर्यंत पोचली, तेव्हा टीव्ही बघून आईनं काळजीनं फोन केला, "वाळवण आत घेऊ का?" कुरडया होत्या. मी म्हटलं, राख फार उंचावरून चाललीय आणि आपल्यापासून लांब आहे. तरी तिनं घेतल्याच.

त्याच आठवड्यात तिच्याकडं गेले होते. जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये येताना सामान हलवणाऱ्या पोरांनी पाटा बघून कपाळाला हात लावला होता, पण आईनं तो आणलाच. मिक्सर आहे, तरी मटणाचा मसाला पाट्यावर. खाली गल्लीत "टाकीऽऽ लावायची का पाट्याला" अशी हाक आली आणि आई गॅलरीतून अशी ओरडली की मला वाटलं काहीतरी पडलं.

बाई वर आली. पोत्यावर बसली, पाटा मांडीपुढं ओढला, आधी तळवा फिरवला, मग छिन्नीच्या मागच्या बाजूनं टक् टक् वाजवून बघितला. घंटेच्या जातीचा आवाज आला.

"गाभ्याचा दगूड हाय," ती म्हणाली. "भोकाचा आसता तर मसाला आडाकला आसता. कुणी निवडला?"

"सासूबाईंनी," आई म्हणाली.

ती टिचत राहिली. माशाच्या खवल्यांसारख्या तिरप्या ओळी, एकाला एक लागून. करडी पूड तिच्या लुगड्यावर, फरशीवर, माझ्या चपलांवर बसत होती. जाताना तिनं बजावलं, आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या, मग मसाला. आईनं वाटले, पण मूठ जरा लहानच घेतली असणार.

रात्री तांबड्या रश्श्याचा दुसरा घास घेताना भाऊ थांबला. "आई, कच लागतीय."

"पाट्याची असंल," आई म्हणाली. "खा गप."

त्यानं खाल्ला. मीही.